काळवंडलेले मोती

निकोलस हिलियर्डनं रंगवलेलं पहिल्या एलिझाबेथ राणीचं एखादं लघुचित्र भिंगातून पाहिलं, की तिच्या अंगावरच्या मोत्यांवर बारीक काळे ठिपके दिसतात. केसांत माळलेल्या मोत्यांवर ते आहेत, गळ्यातल्या सरांवर आहेत आणि बाह्यांवर टाकलेल्या मोत्यांवरही आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, चित्र डागाळलं आहे. प्रत्यक्षात त्या प्रत्येक ठिकाणी हिलियर्डनं खरी चांदी लावली होती. देव्हाऱ्यातली चांदीची भांडी काही महिने घासली नाहीत तर काळी पडतात, आणि इथे तर चार शतकं उलटून गेली आहेत. ज्या दिवशी हे चित्र पूर्ण झालं, त्या दिवशी हा काळा ठिपका मोत्यावरची चमक होता. चित्र हातात धरून जरासं कलतं केलं, की ती चमक हलत असे.

एक मोती उभा करायला तीन पायऱ्या लागत. आधी किंचित करड्या रंगाची सावली. तिच्यावर शिशाच्या सफेद्याचा दाट, फुगीर थेंब. तो वाळला की त्याच्या अंगावर चांदीची भुकटी डिंकात कालवून टेकवायची आणि ती घोटून लख्ख करायची. घोटण्यासाठी फेरेट किंवा स्टोट अशा मुंगसाएवढ्या शिकारी प्राण्याचा इवलासा दात दांडीला बसवून वापरत. माणकाची रीत आणखी देखणी होती. खड्याच्या जागी आधी चांदी लावून घोटून घ्यायची आणि लाल रंगात रंगवलेली राळ तापवलेल्या सुईच्या टोकानं त्या चांदीवर थेंबासारखी सोडायची. उजेड राळेतून आत जाई, चांदीवर आपटून परत येई आणि माणिक आतून पेटल्यासारखं दिसे. जडावकाम करणारे सोनार खड्यामागे चकचकीत पत्रा ठेवत, त्यामागची युक्ती हीच होती.

हिलियर्डला ही युक्ती ठाऊक असणं स्वाभाविक होतं. १५४७च्या सुमारास एक्झेटरमध्ये जन्मलेला हा माणूस सोनाराचा मुलगा. १५६२मध्ये तो लंडनला रॉबर्ट ब्रँडन या राणीच्या सोनाराकडे उमेदवारीला लागला आणि पुढे त्याच्याच मुलीशी, अ‍ॅलिसशी, त्यानं लग्न केलं. बावीस वर्षांच्या अ‍ॅलिसचं त्यानं १५७८मध्ये केलेलं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. सोन्याच्या अक्षरांत तिचं नाव आणि वय त्यानं चित्राच्या कडेनं लिहून ठेवलं आहे.

या चित्रांचा व्यास बहुधा पाच-सहा सेंटिमीटरांच्या आत. वासराचं कातडं कमावून केलेला व्हेलमचा तलम पापुद्रा पत्त्याच्या पानावर चिकटवायचा, म्हणजे तो ताठ राही आणि आकसत नसे. खेळायचे पत्ते तेव्हा उत्तम जाड कागदाचे असत. त्यामुळे राजघराण्यातल्या कितीतरी स्त्रियांच्या चेहऱ्यामागे आजही चौकट, बदाम, किल्वर लपलेले आहेत. रंग पाण्यात आणि बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात कालवलेले, शिंपल्यांत काढून ठेवलेले. कुंचले खारीच्या केसांचे.

१६००च्या आसपास हिलियर्डनं या कलेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याच्या हयातीत तो छापला गेला नाही, पण आज आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं त्यातूनच. त्यात तो चित्रकाराला रेशमी कपडे घालायला सांगतो, कारण रेशमाचे तंतू झडून ओल्या रंगावर पडत नाहीत. डोक्यातला कोंडा चित्रावर पडता कामा नये, चित्रावर वाकून बोलू नये, कारण थुंकीचा एक शिंतोडाही काम बिघडवतो. खोलीत धूर नको, धूळ नको. रंगांचा विचारही तो रत्नांच्या भाषेत करतो. पांढरा आणि काळा सोडले तर जगात अस्सल रंग पाचच, असं तो म्हणतो, आणि ते पाच त्याला नीलम, माणिक, पाचू, पुष्कराज आणि अ‍ॅमेथिस्ट या खड्यांत दिसतात.

चेहऱ्याचं काम मात्र अगदी वेगळ्या पद्धतीनं होई. त्वचेच्या फिकट गुलाबी रंगाचा एक सपाट थर आधीच व्हेलमवर दिलेला असे. वेगवेगळ्या कांतीचे असे तुकडे चित्रकाराकडे तयार असत, समोर बसलेल्या व्यक्तीच्या कांतीच्या जवळचा तुकडा तो निवडी. मग त्या थरावर अतिशय पातळ रंगाच्या केसाएवढ्या रेघांनी डोळे, ओठ, गालांची लाली. म्हणजे दागिन्यांना उठाव होता, धातू होता, वजन होतं, आणि चेहऱ्याच्या वाट्याला पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या काही रेघा आल्या. त्यातला वनस्पतिज आणि कीटकज लाल रंग उजेडात उडून जातो. हिलियर्डच्या स्त्रिया आज इतक्या पांढऱ्याफटक दिसतात त्याचं एक कारण हे आहे. दरबारी बायका शिशाचा सफेदा चेहऱ्याला फासत, हेही खरं. पण चित्रातली सगळी फिकटाई त्या लेपाची नाही. गालांवर लाली होती, ती उडाली.

या सगळ्या स्त्रियांकडे पाहताना मला राहून राहून हीच गोष्ट जाणवते. चित्रकारानं टिकाऊ सामग्री पोशाखाला दिली आणि काळानंही पोशाखच राखला. चेहरा पुसट झाला, पुष्कळांची नावं हरवली, ‘अज्ञात स्त्री’ एवढीच पाटी खाली उरली. पण गळ्याची झालर कशी चुणली होती, बाहीवर कशिदा कोणता होता, टोपीची कड कुठे वळली होती, हे आजही टाक्याटाक्यानं वाचता येतं. अभ्यासक अशा बाईला ओळखायला निघतात, तेव्हा तिच्या कपड्यांपासूनच सुरुवात करतात.

ही कला इंग्लंडची स्वतःची नव्हती. फ्लँडर्समध्ये हस्तलिखित पोथ्या सजवणाऱ्या कारागिरांची मोठी परंपरा होती. तिथल्या गेंट शहरातून ल्युकास होरेनबाउट १५२०च्या दशकात आठव्या हेन्रीच्या दरबारात आला. पोथीच्या पानावरचं चित्र वेगळं काढून, गोल करून, डबीत घालण्याची चाल इंग्लंडमध्ये त्याच्यापासून रुजली. हेन्रीचा दरबारी चित्रकार हान्स होल्बाइन यानं हे तंत्र त्याच्याकडूनच घेतलं. ब्रूज शहरातल्या सिमोन बेनिंग या नामांकित पोथीचित्रकाराची मुलगी लेव्हिना टीर्लिंक १५४०च्या दशकात लंडनला आली. राजानं तिला वर्षाला ४० पौंड नेमून दिले. होल्बाइनला मिळत होते त्याहून हे जास्त. चार राज्यकर्त्यांच्या दरबारात तिनं काम केलं, १५५९च्या नववर्षाला पत्त्याच्या पानावर रंगवलेलं राणीचं चित्र तिनं एलिझाबेथला भेट दिल्याची नोंद आहे. तरीही तिची सही असलेलं एकही चित्र आज हाती नाही. जी तिची म्हणून दाखवतात, ती तर्कानं.

त्या तर्काच्या चित्रांतलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. ते लेडी कॅथरीन ग्रेचं आहे. नऊ दिवसांची राणी ठरलेल्या लेडी जेन ग्रेची ही धाकटी बहीण. एलिझाबेथनंतर गादीवर हक्क सांगू शकणाऱ्यांत तिचं नाव वरचं, त्यामुळे राणीच्या परवानगीवाचून तिनं लग्न करणं म्हणजे राजकारण. १५६०च्या अखेरीस तिनं हर्टफर्डचा अर्ल एडवर्ड सेमूर याच्याशी गुपचूप लग्न केलं. ती गरोदर राहिल्यावर ते उघडकीला आलं. दोघांची रवानगी टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात झाली आणि सप्टेंबर १५६१मध्ये पहिला मुलगा तिथेच जन्मला. पहारेकऱ्यांनी नवरा-बायकोला भेटू दिलं म्हणून दुसरा मुलगाही तिथेच झाला, आणि त्यानंतर मात्र दोघांना कायमचं वेगळं केलं गेलं. चित्रात कॅथरीननं बाळ कडेला घेतलं आहे आणि तिच्या छातीवर फितीनं लटकवलेलं एक लघुचित्र आहे: तिच्या नवऱ्याचं. जे लग्न बेकायदा ठरवण्यासाठी सरकार झटत होतं, त्याची दोन्ही प्रमाणं एका चित्रात, बाळ हातात आणि नवरा गळ्यात. जानेवारी १५६८मध्ये, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असताना, ती नजरकैदेतच वारली.

लघुचित्र स्वतःच पोशाखाचा भाग होतं, हे या चित्रातून स्पष्ट दिसतं. ते भिंतीवर टांगत नसत. सोन्याच्या, मीनाकाम केलेल्या डबीत घालून गळ्यात, कमरेला किंवा छातीवर मिरवत, नाहीतर कुलपात ठेवत. १५६४मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीचा वकील जेम्स मेलव्हिल एलिझाबेथला भेटायला आला. तिनं त्याला शयनगृहात नेलं आणि एक लहान पेटी उघडली. आत कागदात गुंडाळलेली छोटी चित्रं होती. एकावर तिच्याच हातानं ‘माझ्या लॉर्डचं चित्र’ अशा अर्थाचं लिहिलेलं होतं, आणि ते निघालं रॉबर्ट डडलीचं, ज्याच्याशी मेरीचं लग्न लावून देण्याचा प्रस्ताव एलिझाबेथच मांडत होती. मेलव्हिलनं ते आपल्या राणीसाठी मागितलं. एकच आहे म्हणून तिनं नकार दिला. मग तिनं मेरीचं चित्र काढून त्याचं चुंबन घेतलं. हा सगळा प्रसंग मेलव्हिलनं आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. कागदाची एक घडी उलगडण्यात किती मुत्सद्देगिरी असू शकते, हे त्यातून कळतं.

आता कपड्यांकडे वळू. या चित्रांत साधारणपणे छातीपर्यंतचाच भाग येतो, म्हणून वेताच्या किंवा तारेच्या कड्यांवर फुगवलेले मोठमोठे घागरे त्यांत दिसत नाहीत. फॅशनचा सगळा भार डोकं, गळा आणि बाह्या यांच्यावर येतो. होल्बाइनच्या काळातल्या, म्हणजे १५३०च्या दशकातल्या, स्त्रियांच्या डोक्यावर दोन तऱ्हा: घराच्या पाख्यासारखं कोनदार टोक असलेलं जड इंग्रजी शिरोवस्त्र, आणि मागे सरकलेलं, गोलसर, केसांची पुढची पट्टी उघडी ठेवणारं फ्रेंच शिरोवस्त्र. पन्नास वर्षांनी केस उंच फुगवलेले आणि मोत्यांनी भरलेले दिसू लागतात. पण एका नजरेत काळ सांगणारी वस्तू म्हणजे गळ्याभोवतीची चुणीदार झालर, म्हणजे रफ.

सुरुवातीला ती सदऱ्याच्या गळ्याची जराशी चुणलेली कड होती. एलिझाबेथचं हिलियर्डनं केलेलं पहिलं तारखेनिशी चित्र १५७२चं. राणी ३८ वर्षांची, पोशाख काळा, आणि रफ गळ्यालगत, हनुवटीखाली आटोपशीर. दहा-पंधरा वर्षांत ती गाडीच्या चाकाएवढी रुंद होते आणि चेहरा ताटात ठेवल्यासारखा दिसू लागतो. १५९०च्या दशकात ती पुढून उघडते आणि मानेमागे पंख्यासारखी उभी राहते. ती उभी राहिली ती खळीमुळे. जॉन स्टो या इतिवृत्तकाराच्या ग्रंथात नोंद आहे की १५६४मध्ये डिंगेन व्हान डेर प्लासे नावाची फ्लेमिश बाई लंडनला आली आणि खळ घालण्याचा धंदा तिनं थाटला. खळीचं काम शिकवायचे ती चार-पाच पौंड घेई आणि खळ शिजवायला शिकवायचे वेगळे वीस शिलिंग. श्रीमंत घरच्या बायका आपल्या मुलींना आणि नातलग स्त्रियांना तिच्याकडे शिकायला पाठवत.

रफ म्हणजे कित्येक वार तलम लिननची पट्टी. प्रत्येक धुण्यानंतर तिच्या चुण्या मोडत. पुन्हा खळ घालायची, ओलसर असतानाच चुणी चुणी हातानं बसवायची आणि लोखंडाची तापलेली सळई प्रत्येक चुणीत घालून तिला गोलाई द्यायची. त्यामुळे एकच रफ दर खेपेला वेगळ्या घडीत बसवता येई. चित्रात आठाच्या आकड्यासारख्या वळणाऱ्या ज्या चुण्या दिसतात, ते कुण्या धोबिणीचं त्या दिवसाचं काम आहे. तिचं नाव कुठेच नाही, पण तिची सफाई हिलियर्डनं जशीच्या तशी उतरवली. लेससाठी तो दाट पांढरा रंग कुंचल्याच्या टोकावरून असा सोडी की त्याची रेघ व्हेलमवर दोऱ्यासारखी उभी राही. बाजूनं उजेड पडला की रंगवलेल्या लेसची खरीखुरी सावली पडते. हे तंत्र त्याच्याइतकं कुणाला साधलं नाही.

प्युरिटन लेखक फिलिप स्टब्ज १५८३मध्ये या खळीवर तुटून पडला. हे सैतानाचंच काम आहे, असं त्याचं म्हणणं. पावसात सापडलेल्या रफ ओल्या होऊन चिंध्यांसारख्या लोंबतात, हेही त्यानं सांगितलं. रफ उचलून धरायला खाली तारेचा सांगाडा लागतो, त्याचंही वर्णन त्यानं इतकं बारकाईनं केलं, की पोशाखाच्या इतिहासकारांना आज त्याच्याच पुस्तकाचा आधार घ्यावा लागतो. खळ गव्हाची असे, आणि गरिबाला भाकरी नसताना पीठ गळ्याच्या झालरीला जातं, या तक्रारीत तथ्य होतं.

कोणी काय घालावं याचे कायदे होते. १५७४च्या राजाज्ञेनुसार जरीचं कापड, जांभळं रेशीम, सेबल या प्राण्याची फर हे सगळं राजघराणं आणि अगदी वरच्या पदव्यांच्या स्त्रियांनाच. त्याखाली पायरीपायरीनं कापड, कशिदा, मखमल उतरत जाई. हे कायदे सर्रास मोडले जात, तरी १६०४पर्यंत ते होते. म्हणून लघुचित्रातली जरीची बाही केवळ हौस सांगत नाही, ती हक्क सांगते. हिऱ्यांचंही तसंच. या चित्रांत हिरे काळे रंगवलेले असतात, कारण वरून सपाट कापलेला हिरा कोंदणात तसाच गडद दिसे. त्या काळी युरोपात पोचणारे हिरे जवळपास सगळे भारतातले. दख्खनच्या खाणींतून ते गोव्याच्या बाजारात येत आणि तिथून पोर्तुगीज जहाजांनी लिस्बनला जात. एखाद्या काउंटेसच्या छातीवरचा तो काळा चौकोन मांडवीच्या काठानं गेलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

दागिन्यांवरून ओळख पटवण्याचं गाजलेलं उदाहरण होल्बाइनच्या एका चित्राचं आहे. १५४०च्या सुमाराचं, ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातलं. ती कॅथरीन हॉवर्ड असावी, म्हणजे हेन्रीची पाचवी राणी, असं बरीच वर्षं मानलं जातं. आधार काय? तिच्या गळ्यातलं मोठं पदक. तेच पदक होल्बाइननं व्हिएन्नातल्या चित्रात जेन सेमूरच्या, म्हणजे तिसऱ्या राणीच्या, अंगावर रंगवलं आहे. राण्या बदलल्या, दागिने राजाचे, ते पुढच्या राणीकडे गेले. आता काहींचं म्हणणं असं, की ही चौथी राणी, अ‍ॅन ऑफ क्लीव्हज. त्यांच्या पुराव्यांत चित्रामागचं पत्त्याचं पानही आहे, ते चौकटचं चार ठिपक्यांचं पान आहे. वाद मिटलेला नाही. सहा राण्यांतल्या एकीचा चेहरा आपल्यासमोर आहे आणि तिला ओळखण्याची मदार गळ्यातल्या पदकावर आहे, ही स्थिती मला अस्वस्थ करते.

होल्बाइनचं सर्वांत सुंदर लघुचित्र मात्र कुणा उमराव स्त्रीचं नाही. काळा साधा पोशाख, खांद्यांवर पांढरं वस्त्र, मनगटाच्या झालरीवर काळ्या रेशमाचा बारीक कशिदा, हातात पान, छातीला खोवलेलं लाल फूल. बाजूला वय लिहिलेलं, २३. कितीतरी काळ तिला दरबारी वर्तुळातली समजत. संशोधनानंतर कळलं की ती जेन स्मॉल, निकोलस स्मॉल या लंडनच्या कापड व्यापाऱ्याची बायको. तिचा नवरा कापडातला, त्यामुळे त्या काळ्या रंगाची किंमत तिला नेमकी ठाऊक असणार. कापडावर गडद, न उतरणारा काळा रंग चढवणं तेव्हा महाग पडे. झगमगाटाशिवाय ऐपत दाखवण्याचा तो मार्ग होता.

एलिझाबेथला ऐपत दाखवायची गरज नव्हती. तिला वय लपवायचं होतं. हिलियर्ड आपल्या ग्रंथात सांगतो, पहिल्यांदा चित्रासाठी बसताना राणीनं सावलीबद्दल चर्चा केली आणि बागेतल्या मोकळ्या जागी, जवळ झाड नाही, कसलीही सावली नाही, अशा ठिकाणी बसणं पसंत केलं. सपाट उजेडात सुरकुती दिसत नाही. हिलियर्डला ते पटलं, त्याच्या चेहऱ्यांत सावली शेवटपर्यंत आली नाही. साठीतल्या राणीचं चित्र करताना तर त्यानं एका ठरलेल्या तरुण मुखवट्याचा साचाच वापरला. केस मोकळे, गळा उघडा, ही कुमारिकेची वेशभूषा, आणि भोवती मोत्यांचा खच. त्याचाच शिष्य आयझॅक ऑलिव्हर वेगळ्या वळणाचा. फ्रान्समधून आलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबातला, त्याला युरोपातली छायाप्रकाशाची रीत आवडे. १५९०च्या सुमारास त्यानं राणी समोर बसवून तिचं चित्र सुरू केलं. त्यात डोळे खोल गेले आहेत, नाक बाकदार आहे, हनुवटीखाली वय आहे. कपडे नुसते रेघांनी सुचवलेले, रंग भरलेलाच नाही. राणीला ते आवडलं नसावं. चित्र तसंच राहिलं. १५९६मध्ये तर तिच्या मंत्रिमंडळानं राणीची न शोभणारी चित्रं नष्ट करण्याचा हुकूम काढला. ऑलिव्हरचं ते अर्धवट चित्र वाचलं, याचा मला आनंद वाटतो, कारण त्यात पोशाखाआधी बाई दिसते.

एलिझाबेथनंतरच्या पिढीत असंच एक लघुचित्र भारतातही येऊन पोचलं. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो १६१५मध्ये सुरतेला उतरला आणि अजमेरला जहांगीरच्या दरबारात गेला. त्याच्याजवळ एक उत्तम इंग्रजी लघुचित्र होतं. ते ऑलिव्हरच्या हातचं असावं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. भारतात कुणालाही याच्या तोडीचं काम जमणार नाही, अशी रोची खात्री होती. जहांगीरनं आपल्या चित्रकाराकडून पाच नकला करून घेतल्या. ऑगस्ट १६१६मध्ये एका रात्री मेणबत्तीच्या उजेडात त्यानं सहाही चित्रं शेजारी शेजारी मांडून रोला विचारलं, यातलं तुझं कोणतं? रो गोंधळला, आणि आपण गोंधळल्याचं त्यानं प्रामाणिकपणे रोजनिशीत लिहिलं. दुसऱ्या एका प्रसंगी रोजवळचं एका स्त्रीचं चित्र पाहून जहांगीर म्हणाला, मूळ चित्र मला नको, ते तू ठेव. मी याच्या नकला करवून घेईन आणि माझ्या बेगमा त्या अंगावर घालतील.